डाव्या बाजूची सीट

हरेश म्हात्रे आयुष्यात कधी गाडीच्या डाव्या सीटवर बसला नव्हता. बोनकोड्याच्या देवजी म्हात्रेचा, म्हणजे त्याच्या बापाचा, विटांचा टेम्पो होता. तो पोरानं मिसरूड फुटताच हातात घेतला आणि तेव्हापासून गाडीत बसायचं म्हणजे स्टिअरिंगमागे, एवढंच त्याला ठाऊक होतं. लग्नाला जायचं असो की मयताला, चावी त्याच्याकडे. आता पन्नाशी आली होती. रबाळ्याच्या एमआयडीसीत त्याच्या दोन हायड्रा क्रेन भाड्यानं फिरत होत्या, दारात सात सीटची ऑटोमॅटिक डिझेल गाडी उभी होती, आणि ती गाडी त्याची बायको सुचिता चालवत होती.

झालं असं की दिवाळीनंतर एका दुपारी जेवता जेवता त्याला फिट आली. आधी कधी आली नव्हती. इस्पितळ, डोक्याचे फोटो, गोळ्या, सगळं झालं. वाशीच्या डॉक्टरीणबाईंनी शांतपणे सांगितलं, "सलग वर्षभर काही झालं नाही, तर गाडीचा विचार करू. तोवर स्टिअरिंगला हात लावायचा नाही." हरेशनं मान डोलावली. घरी येऊन मात्र तो दिवसभर अंगणात येरझाऱ्या घालत राहिला.

जे आलं ते न सांगता आलं, ह्याचा त्याला राग होता. क्रेनचं इंजिन बिघडायच्या आधी काहीतरी सांगतं. आवाज बदलतो, धूर काळा होतो, जळका वास येतो. त्याच्या स्वतःच्या डोक्यानं काहीच सांगितलं नव्हतं. हातात घास होता, आणि त्यानंतर थेट इस्पितळाचं छत. मधलं काही नाही.

मनस्वी, त्यांची मुलगी, ऐरोलीला एका कंपनीत कामाला. बापाची घालमेल बघून तिनं आगपेटीएवढं एक यंत्र मागवलं. गॅरेजवाले गाडी तपासताना स्टिअरिंगखालच्या ज्या खाचेत आपली वायर जोडतात, तिथं ते बसतं आणि गाडीच्या पोटातले आकडे मोबाइलवर दाखवतं. डॅशबोर्डवरचा काटा नुसता मधोमध चिकटलेला असतो, गाडी उकळायला लागली तरच हलतो. इथं मात्र इंजिनच्या पाण्याचं तापमान वेगळं, गिअरबॉक्सच्या तेलाचं वेगळं, आणि दोन्ही दर क्षणाला बदलणारी. मनस्वीला वाटलं, बाबांचा वेळ जाईल.

वेळ गेला. सुचिताला मात्र गाडी चालवणं नकोसं झालं. तिच्याकडे लायसन कितीतरी वर्षांचं होतं, पण नवरा शेजारी बसलेला असताना चालवायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती.

"पानी नव्वद. गिअरबॉक्स ब्याऐंशी," हरेश कोपरखैरण्याच्या सिग्नलला सांगायचा.

"बरं."

"गिअरबॉक्स सत्त्याऐंशी झाला."

"सिग्नलला उभी आहे गाडी. होणारच."

"तू ब्रेकवर पाय ठेवून डी मधेच ठेवतेस. न्यूट्रल कर."

ती न्यूट्रल करायची. दिवा हिरवा व्हायचा, मागचा रिक्षावाला भोंगा वाजवायचा, हरेश म्हणायचा, "अठ्ठ्याऐंशी." घरी पोचल्यावर ती गाडीतून उतरून तशीच थोडा वेळ उभी राहायची, खांदे सैल होईपर्यंत.

मनस्वीचं लग्न मे महिन्यात ठरलं. पत्रिका छापून आल्या. पहिली पत्रिका कार्ल्याला एकवीरा आईपुढे ठेवायची, हे घरात कुणाला सांगावं लागत नाही. पण कधी जायचं, ह्यावर हरेशची आई सुमित्राबाई हटून बसली. एरवी ती कुठल्याच गोष्टीची घाई करणारी नव्हती. ह्या वेळी मात्र तिनं दोन दिवस धोशा लावला.

"ह्याच आठवड्यात जायाचा. मना जायाचाच हाय."

"आई, रविवारी जाऊ ना, मनस्वीला सुट्टी असते," सुचिता म्हणाली.

"रयवार नको. उद्या चला."

म्हातारीचा चेहरा बघून सुचितानं पुढं काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं निघाले. सुमित्राबाई मागे, मांडीवर ओटीचं सामान आणि पत्रिकेचं पाकीट. सुचिता स्टिअरिंगला. हरेश डावीकडे, मोबाइल समोरच्या क्लिपमध्ये अडकवलेला.

पनवेलपर्यंत सगळं ठीक होतं. पनवेल सोडल्यावर हरेशनं जुना हायवे धरायला लावला. एक्स्प्रेसवेवर काही झालं तर धड थांबता येत नाही, असं त्याचं म्हणणं. खोपोली येईपर्यंत ऊन चांगलंच तापलं होतं. घाट सुरू झाला तसे आकडे चढायला लागले. तसं ते चढतातच. ऑटोमॅटिक गाडीत क्लचचा पाय नसतो, हळू चढावर ती आतल्या आत तेल घुसळत राहते आणि ते तेल तापत जातं. हरेशला हे माहीत होतं, आणि गेल्या काही महिन्यांत ऐकून ऐकून सुचितालाही.

"पानी त्र्याण्णव. गिअरबॉक्स एकशे दोन."

तिनं पहिलं वळण घेतलं.

दुसऱ्या वळणाच्या वर एक ट्रक बंद पडला होता. एकेरी वाहतूक चालू होती. गाडी चार हात पुढं जायची, थांबायची, परत चार हात. वर बघितलं तर गाड्यांची रांग वळणामागे कुठंतरी नाहीशी झालेली.

"एकशे आठ."

"एसी बंद करते."

"कर. मॅन्युअलला टाक, पहिला ठेव. लगेच लगेच पुढं जाऊ नको. मोकळी जागा होऊ दे, मग एकदम जा."

ती तसं करत गेली. मागचा मोटारवाला अस्वस्थ होऊन भोंगा वाजवत होता. काचा खाली केल्यावर डिझेलचा धूर आणि तापलेल्या ब्रेकचा वास आत आला. सुमित्राबाईनं पदर नाकाला लावला.

"एकशे तेरा. सुचिता, हे बरोबर नाय. पानी जास्त चढत नाय, नुसता गिअरबॉक्स चढतोय."

"म्हणजे काय?"

"म्हणजे घाटाचं नाय हे. दुसरंच कायतरी हाय." त्याचा आवाज बदलला होता. तो पुढं झुकून त्या आकड्याकडे बघत होता. "एकशे सतरा."

"थांबायला जागा तर पाहिजे."

"शिंग्रोबाच्या देवळाजवळ हाय जागा. पुढच्याच वळणाला. एकशे अठरा. सरळ घे, त्या टेम्पोच्या मागून काढ."

तिनं टेम्पोच्या मागून गाडी काढली. समोरून उतरणाऱ्या एसटीला हात दाखवला. एसटीवाला थांबला, आणि देवळाशेजारच्या मोकळ्या जागेत तिनं गाडी आणून उभी केली. आकडा एकशे एकवीस होता.

"पार्कमधे टाक. इंजिन चालू राहू दे," म्हणत हरेश उतरला. गाडीच्या पुढं जाऊन तो गुडघ्यावर बसला, मग हात टेकून खाली वाकला. थोड्या वेळानं त्यानं बोटं वर धरली. बोटांना लालसर तेल लागलं होतं.

"बंद कर."

तिनं इंजिन बंद केलं. चावी काढून मुठीत ठेवली आणि खाली उतरली. गिअरबॉक्सचं तेल पुढच्या जाळीत गार होऊन परत येतं, त्या नळीच्या जोडाशी तेल पाझरत होतं. खाली डांबरावर एकेक थेंब पडत होता.

"बघ," हरेश म्हणाला. "मी सांगत होतो ना?" त्याच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांत दिसली नव्हती अशी एक चमक आली होती. "अजून थोडा वेळ चालवली असतीस तर गिअरबॉक्स जळाला असता. आता असं करू. थोडी गार होऊ दे. मग फिरवून खाली खोपोलीला घ्यायची, तिथं आपला गॅरेजवाला हाय. उताराला गिअरबॉक्सला ताण नाय, पन अंदाजानं घ्यायला लागंल. चावी दे."

"मी घेते."

"तुला नाय जमायचं. उतार हाय, तेल कमी हाय. ब्रेक दाबत बसशील नुसती."

"तुमी सांगा, मी तशी घेते."

"हे सांगून होत नाय, सुचिता. हाताला कळायला लागतं." त्यानं हात पुढं केला. "दे. इथं कोन बघतंय?"

"मी बघतेय."

तो हसल्यासारखं करून तिच्या मुठीकडे गेला. तिनं हात मागं घेतला तसं त्यानं मनगट धरलं. जोरात नाही, पण सोडलंही नाही. बाजूनं गाड्या सरकत होत्या. एका गाडीतली बाई काचेतून त्यांच्याकडे बघत होती.

"हरेश." मागची काच खाली होती आणि सुमित्राबाई आतूनच बोलत होती. "सोड तिचा हात."

"आई, तू नको मधे बोलू."

"सोड. आनि मागल्या रयवारी अंगनात काय झालता, ता सांग तिला. नायतर मी सांगन."

हरेशचा हात सुटला. सुचिता त्याच्याकडे बघत राहिली. तो गाडीच्या टायरकडे बघत होता.

"काय झालं अंगणात?" तिनं विचारलं.

सुमित्राबाईनंच सांगितलं. रविवारी सकाळी सुचिता बाजारात गेली होती. हरेश पाइप घेऊन गाडी धूत होता. म्हातारी पायरीवर बसून कोलीम, ती बारीक कोळंबी, निवडत होती. बघते तर पाण्याची धार गाडीवर नाही, त्याच्या स्वतःच्या पायांवर. तो तसाच उभा, नजर भिंतीवर, आणि तोंड हलतंय, काहीतरी चघळत असल्यासारखं. तिनं हाक मारली. परत मारली. उठून जाऊन दंड हलवला. मग तो भानावर आला आणि म्हणाला, "काय झालं?" पाय भिजलेले बघून त्यालाच नवल वाटलं.

"मना म्हनाला, सुचिताला सांगू नको," सुमित्राबाई म्हणाली. "म्हनून मी एकवीरा आईला नवस बोलली. म्हनून तुमाला घाई केली."

सुचिता देवळाच्या कट्ट्यावर जाऊन बसली. चावी अजून मुठीत होती, बोटं दुखेपर्यंत आवळलेली. उतरणाऱ्या एका ट्रकचा क्लीनर खिडकीतून वाकला, त्यानं देवळाच्या दिशेनं नाणं फेकलं आणि ट्रक निघून गेला.

हरेश तिच्यापासून थोड्या अंतरावर उभा राहिला. मग बसला. परत उठला.

"डॉक्टर परत पहिल्यापासून वर्ष मोजतील," तो म्हणाला. "लग्न हाय पोरीचं. लोक येतील, पावने येतील, बापाला बायको आनून सोडतेय... आनि ते काय मोठं नव्हतं. पडलो नाय, काय नाय. मिन्टभर."

"आणि आत्ता तुमी चावी मागत होतात."

हरेशनं बोटांचं लाल तेल पँटला पुसलं.

"आई मागं बसल्यात," ती म्हणाली. "मी शेजारी बसले असते. घाटाच्या उताराला तुमची नजर अशी भिंतीवर लागली असती, तर? तो मोबाइल सांगणार होता काय मला?"

तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर हरेशला सोपं गेलं असतं, भांडता आलं असतं. तो खाली बघत बसला. मग त्यानं फोन काढून खोपोलीच्या गॅरेजला लावला, कुठली नळी, कुठला जोड, कुठलं तेल, सगळं नीट सांगितलं. सुमित्राबाई गाडीतून उतरून देवळाच्या सावलीला येऊन टेकली होती.

"त्या दिवशी काय झालं होतं?" हरेशनं एकदम विचारलं.

"कुठल्या दिवशी?"

"दिवाळीनंतर. जेवताना. मला काय आठवत नाय. तू डॉक्टरला सांगितलंस, तेव्हा मी बाहेर होतो. नंतर मी इचारलं नाय."

सुचितानं त्याच्याकडे बघितलं. इतक्या महिन्यांत डॉक्टर सोडून तिला हे कुणी विचारलं नव्हतं. सगळ्यांनी त्याची तब्येत विचारली होती.

"तुमी मला मच्छीचं आंबाड मागितलं," ती म्हणाली. "मी वाटी घेऊन वळले, तर तुमचा हात ताटात तसाच. बोटं वाकडी झालेली. मला वाटलं मस्करी करताय. मग मान वळली आणि तुमी खुर्चीसकट आडवे झालात. ताट उडालं, सगळीकडे भात. सगळं अंग झटके देत होतं. डोळे उघडे, पण नुसते पांढरे. मग तोंड निळं पडायला लागलं." ती थांबली. "शेजारचे धावत आले. कुणी कांदा आणला, कुणी चप्पल. मी सगळ्यांना ढकललं. तुमाला कुशीवर केलं आणि डोकं मांडीवर धरून बसले. मला वाटलं, गेलात. मी हरेश, हरेश म्हणून हाका मारत होते. लग्नापासून कधी नाव घेतलं नव्हतं मी तुमचं. लोक होते सगळे, मला लाज पण वाटली नाही. तुमाला ऐकूच येत नव्हतं."

हरेश कट्ट्यावर तिच्या शेजारी येऊन बसला.

"तेव्हापासून मी झोपत नाही नीट," ती म्हणाली. "तुमचा श्वास मोठा झाला की उठते, बारीक झाला की उठते. तुमी त्या आकड्यांकडे बघत असता ना, तेव्हा मी तुमच्या तोंडाकडे बघत असते. म्हणून सिग्नल सुटलेला कळत नाही मला. म्हणून मागचे भोंगे वाजवतात."

वरचा ट्रक बाजूला झाला असावा, कारण गाड्यांची रांग हलायला लागली. ऊन कट्ट्यावर आलं तसे ते सरकून बसले.

गॅरेजवाला सीताराम मोटारसायकलवर आला तेव्हा गाडी गार झाली होती. त्यानं नळीची ढिली झालेली क्लिप काढून नवी आवळली, आणलेलं तेल भरलं, इंजिन चालू करून खाली बॅटरी मारून बघितलं. थेंब बंद झाला होता.

"वेळेवर थांबवलीत," तो म्हणाला. "नळी बदलायला लागंल नंतर. आज चालंल. वर जायचं तर वर जा, सावकाश."

हरेशनं सुचिताकडे बघितलं. सुचिता सासूकडे बघत होती.

"आई," ती म्हणाली, "मला ह्यांना आजच डॉक्टरकडे न्यायचंय. कार्ल्याला पुढच्या वेळी जाऊ. तुमी नवस बोललात, मला माहीत आहे."

सुमित्राबाईनं ओटीचं सामान छातीशी धरलं होतं. तिनं एकदा वर घाटाकडे बघितलं.

"आई कुठं जात नाय," ती म्हणाली. "खाली चला."

सुचितानं गाडी वळवली. उतारावर हरेश तिला सांगत होता, खालचा गिअर ठेव, इंजिनलाच गाडी धरू दे, ब्रेक मधून मधून दाब. ती तसं करत होती. एकदा एका आंधळ्या वळणावर त्याचा उजवा पाय, ब्रेक असतो तसा, समोरच्या पत्र्यावर दाबला गेला. तिनं ते पाहिलं. ब्रेक हलकेच दाबला.

संध्याकाळी वाशीला डॉक्टरीणबाईंनी मधेच घुसवून घेतलं. हरेश बाहेर बाकावर एका जागी बसेना. आत गेल्यावर मात्र त्यानं पाइप, भिंत, भिजलेले पाय, सगळं जसं आईनं सांगितलं तसं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आणखी कधी असं झालंय?"

"मला कळत नाय," तो म्हणाला. "झालं असंल तर हिला माहीत असंल. हिला इचारा."

सुचिताला खरंच माहीत होतं. एकदा टीव्हीसमोर, एकदा चपला घालताना. तेव्हा तिला वाटलं होतं, विचारात असतील. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही लिहून घेतलं, एक गोळी वाढवली, दुसरी बदलली. वर्ष आजपासून परत सुरू झालं.

पुढचे काही दिवस घरात वाईट गेले. हरेश जेवताना बोलत नसे. रबाळ्याला क्रेनवाल्या पोराच्या मोटारसायकलवर मागे बसून जायचा आणि आल्यावर अंगणात फेऱ्या मारायचा. नव्या गोळीनं सुरुवातीला त्याला गुंगी यायची, त्याचीही चिडचिड. एका सकाळी त्यानं गाडी तुर्भ्याला गॅरेजात नेऊन नळी बदलून आणायला सुचिताला सांगितलं आणि स्वतः न सांगता डाव्या बाजूला जाऊन बसला. गॅरेजात तो मेकॅनिकच्या शेजारी उभा राहून प्रत्येक जोड बघत होता. तिलाही बोलावून दाखवला. "हा बघ, इथून पाझरत होतं. परत कधी लाल थेंब दिसला तर गाडी हलवायची नाय."

लग्नाच्या हळदीआधी ते परत कार्ल्याला निघाले. ह्या वेळी मनस्वीही होती, आजीच्या शेजारी. खोपोली गेलं, घाट लागला. पुढं एक कंटेनर रांगत चालला होता आणि त्याच्या बाजूनं काढायला जागा नव्हती. सुचितानं न सांगता पहिला गिअर टाकला, मधे अंतर सोडलं, मोकळं झालं की पुढं घेतलं.

हरेश डोंगराकडे बघत होता. मोबाइल क्लिपमध्ये होता, पण त्यानं अजून एकही आकडा सांगितला नव्हता. देवळाचं वळण मागे पडलं तरी नाही. सुचिता वाट बघत राहिली. मग तिलाच राहवेना.

"किती झालं?"

"ठीक हाय."

"ठीक नको," ती म्हणाली. "आकडा सांगा."

त्यानं मोबाइलकडे बघितलं. "पानी ब्याण्णव. गिअरबॉक्स शंभर."

"आणि गोळी घेतलीत सकाळची?"

"घेतली. आईला इचार."

"घेतली, घेतली," मागून सुमित्राबाई म्हणाली. "तू पुढं बघ गो."

कंटेनर डावीकडे सरकला. सुचितानं आरशात बघितलं, हात दाखवला आणि गाडी पुढं काढली.